ऑफिसात चालतं, मोबाइलवर अडतं: सॉफ्टवेअरमधल्या आयपीव्ही६ पत्त्यांच्या तक्रारी कशा सोडवायच्या

लक्षणं

तक्रार येते ती साधारण याच शब्दांत: “ऑफिसात चालतंय, बाहेर पडलं की चालत नाही.” अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑर्डर पोर्टल असेल, नवी पेठेतल्या कापड दुकानाचं बिलिंग असेल, नाहीतर जुळे सोलापुरातल्या एखाद्या क्लासचं फी भरायचं पान असेल. ब्रॉडबँडवरून सगळं सुरळीत. तोच माणूस मोबाइल डेटावर उघडायला गेला की अडतो. सोबत यांपैकी काहीतरी दिसतं:

- लॉगिनचं बटण दाबलं की ‘काहीतरी चुकलं’ एवढंच येतं, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये मजकूर रकान्यात मावत नसल्याची डेटाबेसची तक्रार असते.
- लॉगमधला पत्ता मध्येच तुटलेला असतो: २००१:डीबी८:४२१०:९ आणि पुढे काहीच नाही.
- परवानगीच्या यादीत १९२.१६८.१.५० आहे, तरी त्याच संगणकाला अडवलं जातं. लॉगमध्ये तो ::एफएफएफएफ:१९२.१६८.१.५० असा उमटलेला असतो.
- सगळे मोबाइलवाले ०.०.०.० या एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. एकाला ब्लॉक केलं की सगळेच ब्लॉक.
- ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की जोडणी नाकारली जाते, १२७.०.०.१ लिहिलं की लागते.
- पोर्ट नंबर (यंत्रावरच्या कोणत्या सेवेशी बोलायचं तो आकडा) हरवतो, किंवा प्रोग्राम ‘२००१’ नावाचा होस्ट शोधत बसतो.
- ग्राहक घरातून बाहेर पडला की आपोआप लॉगआउट होतो.
- पत्त्याच्या नावाने बनणारी फाइल विंडोजवर बनतच नाही.

दुखणी वेगवेगळी वाटतात, पण मूळ एक आहे. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो; जुनी पद्धत ३२ बिटांची आयपीव्ही४, नवी आयपीव्ही६. आयपीव्ही६ पत्ता हा १२८ बिटांचा एक आकडा आहे. पडद्यावर दिसतो तो मजकूर म्हणजे त्या आकड्याचं फक्त लिखाण, आणि एकच आकडा अनेक तऱ्हांनी लिहिता येतो. ज्या प्रोग्रामने त्या लिखाणालाच पत्ता मानलं, तो कधी ना कधी अडकतोच.

“पण कोडला कुणी हात लावलेला नाही, परवापर्यंत चालत होतं” हेही खरं असतं. होस्टिंगवाल्याने डोमेनला आयपीव्ही६ची ‘एएएए’ नोंद (साइटच्या नावाला आयपीव्ही६ पत्ता देणारी डीएनएसची नोंद) जोडली, किंवा साइटपुढे सीडीएन (पानं जवळून पोचवणारे मधले सर्व्हर) लावलं, की त्या दिवसापासून आयपीव्ही६चे ग्राहक थेट त्या पत्त्याने यायला लागतात. जिओचं नेटवर्क २०१६ साली सुरू झालं तेव्हापासून फोनना आयपीव्ही६ देतं आहे; त्यामुळे मोबाइलवरून येणारा ग्राहक बहुधा याच वाटेने येतो. ऑफिसचं जुनं राउटर मात्र अजून आयपीव्ही४वरच असतं. म्हणून दोष ऑफिसात सहसा दिसत नाही.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. इथे पत्ते देवनागरीत छापले आहेत. यंत्रात टाइप करताना आकडे आणि ए ते एफ ही सहा अक्षरं रोमनच लागतात. ‘डीबी८’ ही तीन चिन्हं मोजायची: डी, बी, आठ. उदाहरणांतले पत्ते २००१:डीबी८ने सुरू होतात, कारण तो गट फक्त लिखाणातल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, खऱ्या जोडणीला दिला जात नाही.

पहिली तपासणी: दोष नेटवर्कचा की सॉफ्टवेअरचा

पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर साइट उघडा. मग त्याच फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला द्या आणि कमांड लाइनवरून कर्लने (पान मागवणारी आज्ञा) साइट दोनदा मागवा, एकदा ‘-४’ लावून (फक्त आयपीव्ही४ने), एकदा ‘-६’ लावून (फक्त आयपीव्ही६ने).

नुसत्या ब्राउझरवर विसंबू नका. आयपीव्ही६ची वाट लागत नसेल तर ब्राउझर क्षणभर थांबून गुपचूप आयपीव्ही४ने जातो. पान उघडतं आणि दोष झाकला जातो. कर्लला वाट ठरवून दिली की त्याला पळवाट राहत नाही.

निकालावरून पुढचं ठरवा. ‘-६’ने पान येतं पण लॉगिन किंवा ऑर्डर अडते, म्हणजे नेटवर्क ठीक आहे, दोष कोडमध्ये किंवा डेटाबेसमध्ये. ‘-६’ने जोडणीच लागत नाही, म्हणजे सर्व्हर त्या वाटेवर ऐकतच नाही किंवा फायरवॉल अडवतो आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये नुसतं ‘लिसन ८०’ लिहिलं तर तो फक्त आयपीव्ही४वर ऐकतो. आयपीव्ही६साठी ‘लिसन [::]:८०’ ही वेगळी ओळ लागते, आणि एचटीटीपीएससाठी तशीच ४४३ची. ही ओळ घालण्याआधी शेवटचा भाग वाचा. फायरवॉल तयार नसताना ती घातली तर नवं संकट ओढवतं.

लॉगमधला पत्ता मोजा

आता लॉगमधली अडलेल्या ग्राहकाची ओळ काढा आणि पत्त्यातली चिन्हं अक्षरशः मोजा. बरोबर १५ आली तर आजार सापडला. आयपीव्ही४चा सगळ्यात लांब पत्ता, २५५.२५५.२५५.२५५, १५ चिन्हांचा असतो, म्हणून जुन्या प्रोग्रामरांनी रकाना १५चा ठेवला.

समजा ग्राहकाचा पत्ता आहे २००१:डीबी८:४२१०:९:७१२०:५५:३:१८. पहिली पंधरा चिन्हं घ्या: चार आकडे, कोलन, तीन चिन्हं, कोलन, चार आकडे, कोलन आणि एक नऊ. तिथेच कात्री लागते, आणि वर लक्षणांत दाखवलेला तुटका पत्ता हातात येतो. मायएसक्यूएलच्या जुन्या मांडणीत असा मजकूर नुसता सूचना देऊन कापला जायचा. ५.७पासून कडक मोड मुळातच चालू असतो, त्यामुळे नोंद घालण्याचाच प्रयत्न फसतो आणि त्याच्यासोबत लॉगिनही. सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेल्यावर हा दोष वर येतो तो यामुळेच.

आयपीव्ही६चा पूर्ण लिहिलेला पत्ता ३९ चिन्हांचा: चार-चार चिन्हांचे आठ गट आणि मधले सात कोलन. शेवटचे ३२ बिट आयपीव्ही४च्या पद्धतीने लिहिले तर ४५ पर्यंत जातो. सी भाषेत शेवटच्या शून्य बाइटसाठी एक जागा धरून ४६. मजकूरच साठवायचा असेल तर रकाना ४५चा हवा, ३९चा नाही. पहिल्या दुरुस्तीत ३९ करून ठेवणारे पुन्हा तिथेच येतात.

पत्ता ०.०.०.० दिसत असेल तर कुणीतरी तो ३२ बिटांच्या आकड्यात बदलून साठवतो आहे. पीएचपीचं ‘आयपी२लाँग’ आयपीव्ही६ पत्ता मिळाला की ‘फॉल्स’ परत देतं, आणि तो फॉल्स कित्येकदा शून्य होऊन रकान्यात जाऊन बसतो. अशा वेळी रकाना मोठा करूनही उपयोग नाही. ६४ बिटांचा ‘बिगइंट’सुद्धा १२८ बिटांना निम्माच पुरतो. जावास्क्रिप्टचा साधा नंबर तर २ चा ५३वा घात ओलांडला की नेमकेपणा गमावतो, म्हणून जेसनमधून पत्ता पाठवायचा तर मजकूर म्हणूनच पाठवा.

::एफएफएफएफ: कुठून येतं

सर्व्हरने एकच आयपीव्ही६ सॉकेट (जोडणी घ्यायचं दार) उघडून दोन्ही वाटांचे ग्राहक घ्यायचं ठरवलं की आयपीव्ही४वाला ग्राहक त्याला याच वेषात दिसतो. लिनक्सवर ही मुभा मुळातच चालू असते, विंडोजवर मुळात बंद. म्हणून विंडोजच्या लॅपटॉपवर तपासलेला कोड लिनक्स सर्व्हरवर चढवला की परवानगीची यादी अचानक चालेनाशी होते.

यादीत दुसरी ओळ घालून वेळ मारून नेऊ नका. पत्ता प्रोग्रामच्या दारात आला की लगेच हा वेष उतरवा आणि पुढे सगळीकडे साधा आयपीव्ही४ पत्ता वापरा. पायथॉनच्या ‘आयपीअ‍ॅड्रेस’ मॉड्यूलमध्ये यासाठी ‘आयपीव्ही४_मॅप्ड’ हा गुणधर्म आहे, गोच्या ‘नेटआयपी’ पॅकेजमध्ये ‘अनमॅप’. जावा अशा पत्त्याचा परस्पर आयपीव्ही४ करून टाकतं. अशी लायब्ररी वापरता म्हणून सगळं आपोआप होईल असं धरू नका: पायथॉनमध्ये हे दोन पत्ते तुलनेत समान निघत नाहीत, आणि १९२.१६८.१.०/२४ या पट्ट्यात (१९२.१६८.१ने सुरू होणारे सगळे पत्ते) वेषातला पत्ता बसत नाही.

लोकलहोस्ट

‘लोकलहोस्ट’ हे संगणकाचं स्वतःसाठीचं नाव आहे, पत्ता नाही. त्याचे पत्ते दोन: १२७.०.०.१ आणि ::१. प्रोग्राम एकावर ऐकतो आणि दुसरा प्रोग्राम दुसऱ्यावर ठोठावतो, एवढीच गोष्ट. नोडच्या १७व्या आवृत्तीपासून नावाचे पत्ते ज्या क्रमाने मिळतात त्याच क्रमाने वापरले जाऊ लागले; त्याआधी आयपीव्ही४ पुढे काढलं जायचं. म्हणून आवृत्ती वाढवल्याबरोबर बऱ्याच ठिकाणी ::१ ला जोडणी नाकारल्याची चूक दिसायला लागली.

उपाय: सेटिंगमध्ये नाव न लिहिता ऐकणाऱ्याचा नेमका पत्ता लिहा, किंवा ऐकणाऱ्याला दोन्हीवर ऐकायला लावा. मायएसक्यूएलमध्ये आणखी एक खाच आहे. एकाच नावाचा वापरकर्ता १२७.०.०.१ वरून आणि ::१ वरून ही दोन वेगळी खाती धरली जातात, तेव्हा एकाला दिलेली परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही.

कंस आणि पोर्ट

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून सावकाश पाहू. आयपीव्ही४मध्ये कोलन म्हणजे पत्ता संपला, पोर्ट सुरू झाला. आयपीव्ही६मध्ये पत्त्यातच कोलन आहेत. आता हे पाहा:

२००१:डीबी८::१:८०८०

हा पत्ता २००१:डीबी८::१ आणि पोर्ट ८०८० आहे का? नाही. नियमाप्रमाणे हा संपूर्ण वैध पत्ता आहे, ज्याचा शेवटचा गट ८०८० आहे. प्रोग्राम कुठलीही चूक दाखवणार नाही. तो निमूटपणे भलत्याच यंत्राला हाक मारेल आणि वेळ संपेपर्यंत थांबून राहील. म्हणूनच यूआरएलचे नियम सांगतात की पत्ता चौकोनी कंसात घाला आणि पोर्ट कंसाबाहेर लिहा: [२००१:डीबी८::१]:८०८०.

कोडमध्ये कोलनवर तुकडे करणारी ओळ शोधा. पहिल्या कोलनवर तोडणारी ‘२००१’ला होस्ट समजते. शेवटच्या कोलनवर तोडणारी जरा शहाणी वाटते, पण ::१ दिलं की होस्ट म्हणून नुसता एक कोलन आणि पोर्ट १ असं हातात देते. दोन्ही काढून टाका आणि भाषेची तयार सोय वापरा. गोमध्ये ‘स्प्लिटहोस्टपोर्ट’ आणि ‘जॉइनहोस्टपोर्ट’ आहेत, पायथॉनमध्ये ‘यूआरएलस्प्लिट’, जावास्क्रिप्टमध्ये ‘यूआरएल’.

तयार सोयींमध्येही एक फरक आहे आणि तो माहीत नसला तर दिवस जातो. पायथॉनचं यूआरएलस्प्लिट होस्ट कंस काढून देतं. जावास्क्रिप्टच्या यूआरएलचा ‘होस्टनेम’ आणि जावाच्या यूआरआयचा होस्ट कंसासकट येतो. कंसासकट आलेला मजकूर तसाच पत्ता तपासणाऱ्या फंक्शनला दिला की ‘अवैध पत्ता’ ठरतो.

कंस कुठे लागतात? यूआरएलमध्ये, एनजिनएक्स आणि अपाचेच्या ऐकण्याच्या ओळीत, एससीपी आणि आरसिंकच्या आज्ञेत. कुठे लागत नाहीत? पिंगला, एसएसएचला, डीएनएसच्या नोंदीत, डेटाबेसमध्ये. प्रॉक्सीने (सर्व्हरपुढे बसलेल्या मधल्या सर्व्हरने) ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरमध्ये पाठवलेला पत्ता सहसा कंसाशिवाय येतो, पण ‘फॉरवर्डेड’ या नव्या हेडरमध्ये तो अवतरणचिन्हात आणि कंसात असतो. तुमच्या पुढे कोणता प्रॉक्सी आहे ते पाहून ठरवा. शेलमध्ये कंस लिहिताना सगळा यूआरएल अवतरणात ठेवा, नाहीतर काही शेल कंसाला फाइलच्या नावाचा नमुना समजतात.

विंडोजवर फाइलच्या नावात कोलन चालत नाही. पत्त्याच्या नावाने फाइल बनवायचीच असेल तर कोलनच्या जागी आडवी रेघ घाला.

‘अवैध पत्ता’ म्हणणारा फॉर्म

अ‍ॅडमिनच्या पडद्यावर पत्ता टाकायचा रकाना असतो आणि त्यामागे कुणीतरी लिहिलेलं रेगएक्स, म्हणजे मजकुराचा साचा तपासणारी ओळ. आयपीव्ही६साठी नवं रेगएक्स शोधून चिकटवू नका. दोन कोलन सुरुवातीला, मध्ये, शेवटी, शेपटीला आयपीव्ही४, हे सगळं धरणारं रेगएक्स इतकं लांब होतं की त्यात चूक राहिली तरी कुणाला दिसत नाही. मजकूर ‘इनेट_पीटॉन’ या तयार फंक्शनला किंवा भाषेच्या पत्त्याच्या लायब्ररीला द्या, तिने घेतला तर वैध, नाही घेतला तर अवैध.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम तपासावी. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर १९२ हे देवनागरी आकड्यांत टाइप होतं. पायथॉन ३ आणि डॉटनेटमध्ये रेगएक्सचं ‘\डी’ (रोमन डी, आकड्यासाठीचं) देवनागरी आकडेही आकडे म्हणून स्वीकारतं, जावास्क्रिप्टमध्ये नाही. म्हणजे ब्राउझर नको म्हणतो आणि सर्व्हर हो म्हणतो, किंवा सर्व्हर हो म्हणून पुढे डेटाबेस फेटाळतो. रेगएक्समध्ये शून्य ते नऊ हा रोमन आकड्यांचा पट्टाच स्पष्ट लिहा. त्याहून बरं म्हणजे पत्ता तपासण्याआधी देवनागरी आकडे रोमन करून घ्या. वापरणाऱ्याची त्यात काही चूक नाही.

एकच पत्ता, दोन नोंदी

जुन्या कागदांवर शोलापूर असतं, नव्यावर सोलापूर. पोस्टमन दोन्ही पत्रं एकाच गावात पोचवतो, पण मजकुराची तुलना करणाऱ्या कोडला ती दोन गावं वाटतात. आयपीव्ही६चं नेमकं तसंच होतं:

२००१:०डीबी८:००००:००००:००७०:००००:००००:०००९
२००१:डीबी८:०:०:७०:०:०:९
२००१:डीबी८::७०:०:०:९
२००१:डीबी८:०:०:७०::९

चारही ओळी एकच पत्ता सांगतात. २०१० सालच्या आरएफसी ५९५२ने यातलं एकच रूप प्रमाण ठरवलं, तिसऱ्या ओळीतलं. नियम थोडक्यात असे: अक्षरं छोट्या रोमन लिपीत (स्मॉल लेटर्स), गटाच्या सुरुवातीची शून्यं गाळायची, शेवटची नाही (००७० चं ७० होतं, ७ नाही), शून्य गटांची सगळ्यात लांब रांग दोन कोलनने दाखवायची, दोन रांगा सारख्या लांबीच्या असतील तर पहिली, आणि शून्याचा एकटाच गट असेल तर तिथे दोन कोलन वापरायचे नाहीत.

दोन कोलन एकदाच का चालतात हे या पत्त्यावरच करून पाहा. कुणी २००१:डीबी८::७०::९ असं लिहिलं, तर दिसणारे गट चार, म्हणजे गाळलेले चार. ते कसे वाटायचे? पहिल्या जागी एक आणि दुसऱ्या जागी तीन, दोन-दोन, की तीन आणि एक? तिन्ही पत्ते वेगळे. म्हणून असं लिखाण अवैध आहे, आणि लायब्ररी ते नाकारते तेव्हा ती बरोबर असते.

प्रमाण रूप असलं तरी सगळी सॉफ्टवेअरं ते छापत नाहीत. जावाचं ‘गेटहोस्टअ‍ॅड्रेस’ शून्य गट गाळत नाही, दुसऱ्या ओळीसारखं छापतं. पायथॉन तिसऱ्या ओळीसारखं छापतं. एका कारखान्यात बिलिंग जावाचं आणि अहवाल काढणारं पायथॉनचं असेल, तर दोघांच्या नोंदी मजकुराने जुळणारच नाहीत. तुलना करायची तर दोन्ही बाजूंचा मजकूर लायब्ररीतून आकड्यात आणा आणि आकड्यांची तुलना करा. क्रम लावतानाही तेच. मजकुराच्या क्रमाने लावलेल्या पत्त्यांच्या यादीला काही अर्थ नसतो.

डेटाबेसचा रकाना बदलणं

इथवरच्या तपासण्या फुकटच्या होत्या. या दुरुस्तीला वेळ लागतो आणि ती चुकली तर डेटा जातो. दिवाळी किंवा लग्नसराईच्या ऑर्डरी चालू असताना हात घालू नका. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी करा, आणि आधी बॅकअप घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप धरू नये.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘इनेट’ प्रकार आहे. तो आयपीव्ही४ ७ बाइटांत आणि आयपीव्ही६ १९ बाइटांत ठेवतो, पट्ट्यात बसतो का हेही स्वतः पाहतो. तिथे दुसरं काही शोधायची गरज नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘व्हारबायनरी(१६)’ घ्या. ५.६पासून मजकुराचा बाइट करणारं ‘इनेट६_एटॉन’ आणि उलट करणारं ‘इनेट६_एनटोआ’ आहे.

नवा रकाना जुन्याच्या शेजारी घाला, जुना पुसू नका. आधी ‘इज_आयपीव्ही४’ आणि ‘इज_आयपीव्ही६’ वापरून दोन्हींत न बसणाऱ्या ओळी वेगळ्या काढा. त्या तुटलेल्या आहेत, आणि तुटलेला पत्ता परत मिळत नाही. शेवटचे गट कुठेच नाहीत, अंदाजाने शून्य भरणं म्हणजे खोटी नोंद करणं.

आता या कामातली सगळ्यात फसवी जागा. तुटलेला प्रत्येक पत्ता अवैध दिसेलच असं नाही. मूळ पत्ता २००१:डीबी८::७१२:५५ हा १६ चिन्हांचा. शेवटचं ५ कापलं की उरतं २००१:डीबी८::७१२:५, बरोबर १५ चिन्हांचं आणि पूर्ण वैध! इज_आयपीव्ही६ त्याला पास करेल, बदल यशस्वी होईल, आणि नोंदीत भलत्याच यंत्राचा पत्ता बसेल. म्हणून ज्या जुन्या ओळीत कोलन आहे आणि लांबी बरोबर १५ आहे, ती वैध असली तरी संशयित म्हणून बाजूला ठेवा.

आणखी एक: इनेट६_एटॉन आयपीव्ही४ पत्त्याचे ४ बाइट देतं, ::एफएफएफएफ:च्या वेषातल्या त्याच पत्त्याचे १६. दोन्ही रूपं रकान्यात मिसळली तर शोध अर्धाच सापडतो. साठवण्याआधी वेष उतरवायचा हे एकदा ठरवा आणि जुन्या ओळींनाही तेच लावा.

जुना रकाना कधी काढायचा? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार प्रणालींचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. तोवर तरी तो राहू द्या.

ब्लॉक करणं आणि लॉगआउट

फोन गोपनीयतेसाठी तात्पुरते पत्ते बनवतात आणि साधारण रोज बदलतात. बदलतो तो उत्तरार्ध. पहिले ६४ बिट जोडणीचे असतात. एका जोडणीला निदान /६४ (पहिले ६४ बिट सारखे असलेला पत्त्यांचा गट) मिळतो, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ पत्ते. चुकीच्या पासवर्डचे प्रयत्न एकेका पत्त्यावर मोजले तर मोजणी निरुपयोगी आहे. आयपीव्ही६साठी ती /६४वर करा. ओळख पटवण्यासाठी सेशन पत्त्याला बांधू नका. ग्राहक वायफायवरून डेटावर गेला की पत्ताच काय, पत्त्याचं कूळही (आयपीव्ही४ की आयपीव्ही६) बदलतं, आणि तो लॉगआउट होतो.

छपाईयंत्र आणि एफई८०

बारकोड प्रिंटरचा पत्ता एफई८०ने सुरू होत असेल तर तो फक्त त्याच केबलवर, त्याच वायफायवर अर्थाचा असतो. म्हणून मागे टक्के चिन्ह आणि इंटरफेसचं नाव लागतं. विंडोजवर नावाऐवजी क्रमांक येतो, जसा %१२. तो क्रमांक त्या एका संगणकापुरता असतो. दुसऱ्या संगणकाच्या सेटिंगमध्ये उतरवून चालणार नाही, डेटाबेसमध्ये ठेवणं तर नकोच. प्रिंटरला राउटरमधून कायमचा आयपीव्ही४ पत्ता द्या आणि तो वापरा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

फायरवॉल. लिनक्सवर आयपीटेबल्सचे नियम आयपीव्ही६ला लागू होत नाहीत, त्यासाठी आयपी६टेबल्स वेगळं आहे. आयपीव्ही४वर बंद असलेला डेटाबेसचा पोर्ट आयपीव्ही६वर सताड उघडा असू शकतो, आणि सगळं नीट चालत असल्याने कुणाला कळतही नाही. चालू सर्व्हरवर आयपीव्ही६ उघडायचं काम नेटवर्क जाणणाऱ्याकडूनच करून घ्या.

छोटी पानं येतात आणि मोठी अर्ध्यात अडकतात, असं ‘-६’वर दिसलं तर वाटेत कुणीतरी आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कचे आपसातले निरोप) अडवलं आहे. मोठं पाकीट पुढे जात नाही हा निरोपच परत पोचत नाही. अंदाजाने सेटिंग फिरवू नका, सर्व्हरवाल्याला आणि इंटरनेट देणाऱ्याला गाठा.

सी किंवा सी++मध्ये लिहिलेला जुना प्रोग्राम असेल आणि त्यात ‘गेटहोस्टबायनेम’ दिसलं, किंवा पत्ता १६ बाइटांच्या रचनेत साठवलेला दिसला, तरीही थांबा. आयपीव्ही६च्या सॉकेट पत्त्याला २८ बाइट लागतात. कमी जागेत तो कोंबला तर शेजारची मेमरी बिघडते, आणि चूक भलतीकडे फुटते. ते ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’वर नेणं हे त्या भाषेत रोज काम करणाऱ्याचं काम आहे.

सॉफ्टवेअर विकत घेतलेलं आणि बंद असेल तर डेटाबेसचा रकाना परस्पर बदलू नका. पुढच्या अपडेटमध्ये तो मोडेल आणि विक्रेता हात वर करेल.

बोलावताना या चार गोष्टी तयार ठेवा, निम्मा वेळ वाचतो: अडलेल्या ग्राहकाची लॉगमधली जशीच्या तशी ओळ आणि वेळ, कर्लचे ‘-४’ आणि ‘-६’ दोन्हींचे निकाल, डेटाबेसच्या रकान्याचा प्रकार आणि लांबी, आणि डोमेनला एएएए नोंद कधी जोडली ती तारीख.